खिडकीजवळचे टेबल

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, वर्ग भरायच्या आधी, आमच्या विद्यापीठात मुलींचा रश असतो, म्हणजे भगिनीसंघांनी नव्या मुली निवडून घेण्याचा आठवडा. आठ-नऊशे मुली गावात येतात. भगिनीसंघांच्या बारा घरांपुढे सहा दिवस उन्हात रांगा लावतात. रविवारी ज्या घराचा लिफाफा हातात पडेल त्या घराच्या होऊन जातात, आणि नातवंडे झाल्यावरही त्याच घराच्या राहतात. ज्यांना लिफाफा मिळत नाही त्यांच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

त्यातल्या एका घरासाठी, मॅग्नोलिया हाउससाठी, मी अकरा वर्षे नावे लिहिली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदीची कार्डे लिहिण्यात माझा जन्म गेला. माझे अक्षर बरे आहे, एवढे तरी मी म्हणू शकतो. बाकीच्या गोष्टींविषयी मला खात्री वाटत नाही, आणि पुढे सांगतो त्याविषयी तर मुळीच नाही. मी योग्य केले की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दर वर्षी रशच्या गुरुवारी मिस ऑगस्टा डेव्हेरो मला दोन याद्या आणून देत. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी त्या घरात पाऊल ठेवले, आणि घर आता त्याच चालवतात असे म्हटले तरी चालेल. पहिली यादी शनिवारच्या शेवटच्या चहाची. एकशे आठ मुली, अठरा टेबले, प्रत्येक टेबलाला सहा खुर्च्या. प्रत्येक मुलीला एक कार्ड जायचे, त्यावर तिचे नाव आणि टेबल. दुसरी यादी रविवारच्या लिफाफ्यांची, साठ नावांची. नियमाप्रमाणे ही साठ नावे शनिवारी चहा झाल्यावर ठरायची. पण साठ लिफाफे एका संध्याकाळी लिहून होत नाहीत, म्हणून ती यादी गुरुवारीच येते, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. विचारले कधीच नाही. विचारणे मला जमत नाही.

आणि खरे सांगायचे तर मी नावे वाचत नसे. अक्षरे बघत असे. कॅथरीन लिहिताना शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाबाहेर जात नाही ना, एवढेच.

त्या वर्षी मात्र मी एक नाव शोधत होतो. विनी ज्यून टॉलिव्हर. तिची आई डोरीन ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकबांधणी करते. नवरा गेल्यावर डोरीनने पोरीला तिथेच वाढवले, डिंकाच्या वासात. शाळा सुटली की विनी ज्यून माझ्या टेबलाखाली बसून वाचत असे. आता ती अठरा वर्षांची होती, आणि तिला मॅग्नोलिया हाउस हवे होते. वसंतात एकदा मी म्हटले, "इतरही घरं आहेत ना गं?" तर म्हणाली, "इतर घरं इतर मुलींसाठी, मिस्टर एल्बर्ट." आणि स्वतःच हसली. पण ते थट्टेतले नव्हते.

पहिल्या यादीत तिचे नाव लगेच सापडले. टेबल पहिले, खिडकीजवळचे. मला इतका आनंद झाला की मी उठून एक फेरी मारून आलो. खिडकीजवळचे टेबल म्हणजे त्या घरातला मान. तिथल्या मुलींना चहा आधी मिळतो. घरातल्या सगळ्यांत देखण्या, सगळ्यांत बोलक्या मुली त्यांच्याशेजारी बसतात. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मग मी दुसरी यादी घेतली. टॉलिव्हर नव्हते. वरून खाली वाचले, खालून वर वाचले. मग त्या टेबलावरची बाकीची पाच नावे शोधली. एकही नव्हते.

मी कार्ड लिहिण्याआधी जुन्या रद्द नोंदींच्या पाठीवर नाव आणि टेबल एकदा लिहून माप घेतो. ते कागद टाकवत नाहीत. दहा वर्षांचे कागद खोक्यात होते, कार्डांचे वेगळे, लिफाफ्यांचे वेगळे, प्रत्येकावर साल. मी ते टेबलावर मांडले. बाकीच्या सतरा टेबलांवर काही मुलींना लिफाफे, काहींना नाही, असे होते. खिडकीजवळच्या टेबलावर दर वर्षी सहा, दहा वर्षांच्या साठ मुली. लिफाफा एकीलाही नाही. मी पुन्हा जुळवून पाहिले. माझीच चूक असेल, असे मला शेवटपर्यंत वाटत होते.

शुक्रवारी सकाळी कार्डे घेऊन मी मॅग्नोलिया हाउसवर गेलो. मिस ऑगस्टा जेवणघरात फुलदाण्या भरत होत्या. ग्लॅडिओलसचे देठ कात्रीने तिरपे कापत होत्या.

"या, मिस्टर एल्बर्ट! किती उन्हाचे आलात! बसा. गार चहा घ्या आधी. तुमचं अक्षर बघितलं की मला चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं, सांगते तुम्हाला."

मी बसलो. पेला हातात धरला. "मिस ऑगस्टा, एक विचारायचं होतं. म्हणजे माझ्याच वाचण्यात चूक असेल. लिफाफ्यांच्या यादीत एखादं नाव राहिलंय का?"

"कुणाचं हो?"

"टॉलिव्हर. विनी ज्यून."

"यादी मी स्वतः टाइप केली." कात्री वाजली. "माझ्या हातून नाव राहत नाही."

"पण ती तर खिडकीजवळ…"

"गोड आहे ना पोरगी? अगदी खडीसाखर. हिल हाउसवाल्या तर तिच्यासाठी वेड्या झाल्यात. त्यांच्या यादीत तिसरी आहे म्हणे. आपल्याकडे नाही बसायची ती, पण त्यांचं घर उजळून टाकील."

"मग ती हिल हाउसला जाईल," मी म्हणालो. मला जरा हलके वाटले.

"तिनं त्यांचं नाव लिहिलं तर जाईल." त्यांनी देठ फुलदाणीत खोचला आणि मान वाकडी करून पाहिला. "चहानंतर मुली सही करतात त्या कार्डावर दोन घरांसाठी दोन ओळी असतात. मुलीनं जे घर लिहिलं नाही, त्या घरात तिला पाठवता येत नाही. आता उद्या आमच्या पोरी तिचा हात हातात घेऊन बसतील. एखादी रडेलसुद्धा, मेल्या रडतात फार छान. एवढं झाल्यावर कुठली मुलगी दुसऱ्या ओळीवर काही लिहील, तुम्हीच सांगा! मग ती आमची नाही, आणि हिल हाउसचीही नाही."

मी चहाचा एक घोट घेतला.

"वचन आम्ही कुणाला देत नाही हं. वचन देणं नियमात बसत नाही. या घरानं आजवर एकही नियम मोडलेला नाही, मिस्टर एल्बर्ट." त्या हातरुमालाला हात पुसत माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "तुमचा आणि डोरीनचा घरोबा आहे. म्हणून आठवण करून देते. आजपासून मौन आहे. चहाच्या टेबलाबाहेर घरचं माणूस उमेदवार मुलीशी एक शब्द बोललं, तरी नाव सगळ्याच घरांतून कापलं जातं. बोलणाऱ्याचं नाही. मुलीचं. आणि तुम्ही तर आता घरचेच. अकरा वर्षं झाली की!"

मी चहा संपवला. फार गोड होता, पण पेला अर्धा ठेवून उठणे बरे दिसले नसते.

संध्याकाळी मी तळघरात गेलो. डोरीन एका जाडजूड कोशाला कणा लावत होती.

"काय हो, चेहरा असा का? वाळवीनं पुस्तकं खाल्ली का?"

"डोरीन, विनी ज्यूनला दोन्ही नावं लिहायला सांग."

"कसं सांगू? वसतिगृहाचा फोन बंद, भेट बंद. पांढरा ड्रेस द्यायला गेले तर दारातून घेतला. तिची चिठ्ठी तेवढी दिली मला, तीही उघडलेली." तिने खिशातून ती काढून दाखवली. हसू तिला आवरत नव्हते. "खिडकीजवळ बसवणार आहेत! माझ्या पोरीला, बांधणीवालीच्या पोरीला! मी चिठ्ठी वाचली आणि जिन्यातच बसले, बघा."

"तेच मला सांगायचंय. ते टेबल…"

"थांबा." तिचे हसू गेले. "तुम्हाला तिथलं काही ठाऊक आहे?"

"हो."

"मग बोलू नका. एक अक्षर बोलू नका. आयांनीही सह्या केल्यात, मिस्टर एल्बर्ट. घरच्या माणसाकडून काही ऐकलं का, असं सोमवारी विचारतात. आणि मला बायबलवर हात ठेवून खोटं बोलता येत नाही, तुम्हाला माहितेय."

"चांगलं काही नाही, डोरीन."

"चांगलं असो, वाईट असो!" तिने कागद कापायचे यंत्र सुरू केले. त्याच्या आवाजात माझा आवाज कधीच ऐकू जात नाही. ती पाठ करून उभी राहिली, आणि मी जाईपर्यंत कोरे कागद कापत राहिली.

शनिवारी सकाळी मी डीनबाईंच्या कार्यालयापर्यंत गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो. समोर भिंतीवर बाईंच्या तरुणपणीचा फोटो होता, पांढऱ्या कपड्यांतल्या वीस मुली जिन्यावर, मागे मॅग्नोलिया हाउसचे खांब. तो फोटो मी त्याआधी शंभरदा पाहिला असेल. मी उठलो आणि ग्रंथालयात परत आलो.

सह्या आमच्याच वाचनकक्षात होतात. चहा आटोपला की मुलींना थेट तिथे आणतात. खोली मोठी, टेबले लांब, आणि शांतता पाळायची सवय भिंतींनाच लागलेली. कुलूप उघडणे आणि पंखे लावणे एवढे माझे काम. ते करून मी दूर कपाटांच्या मागे थांबायचे ठरवले होते.

चार वाजता त्या आल्या. पांढऱ्या कपड्यांत, एकीमागे एक, एकही शब्द नाही. फक्त चपलांचा आवाज. काहींचे डोळे सुजलेले होते. प्रत्येकीपुढे एक कार्ड ठेवले गेले. दोन ओळी आणि खाली सही. प्रत्येक टेबलाला एक मार्गदर्शक मुलगी, वरच्या वर्गातली, हात मागे बांधून फिरत होती.

विनी ज्यून तिसऱ्या टेबलाला, कडेच्या खुर्चीत बसली. तिच्या मनगटावर पांढरी रिबीन बांधलेली होती. खिडकीजवळच्या टेबलावरच्या बाकीच्या पाचजणींच्याही मनगटावर होती. मी शोधून पाहिल्या, त्या वेगवेगळ्या टेबलांना बसल्या होत्या आणि सगळ्यांचे चेहरे सारखेच उजळलेले होते. त्यातल्या एकीने बसल्याबसल्या एक नाव लिहिले, सही ठोकली आणि पेन खाली ठेवले. दुसरीनेही तसेच केले.

विनी ज्यूनचे डोके कार्डावर वाकलेले होते. पेन चालत होते. मग थांबले. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मला कार्ड दिसत नव्हते, तिचा खांदा मध्ये होता. मी मनाशी म्हणत होतो की ती शहाणी आहे, तिने पुष्कळ वाचले आहे. लगेच वाटे, वाचून काय होते, मी काय कमी वाचले आहे? मग तिने पेन सहीच्या जागेवर नेले.

मी कपाटांमागून बाहेर कसा आलो ते मला आठवत नाही. टेबलाच्या कडेला आपटून माझा गुडघा खरचटला होता, ते घरी गेल्यावर कळले.

"विनी," मी म्हणालो, "दोन्ही घरं लिही. हिल हाउसचं नाव लिही."

मी ओरडलो नव्हतो. पण ज्या खोलीत मी चौतीस वर्षे दुसऱ्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवले, तिथे तेवढेही पुष्कळ झाले. सगळ्या माना वर आल्या.

मार्गदर्शक मुलगी धावत आली. तांबड्या केसांची, बावरलेली पोर होती. "सर! सर, तुम्ही मॅग्नोलियाचे ना? नावं लिहिता ते?"

"ते काही बोलले नाहीत," विनी ज्यून म्हणाली. "मी काही ऐकलं नाही. खरंच. मी काहीच ऐकलं नाही!"

"विनी ज्यून, सगळ्यांनी ऐकलंय गं."

"ते म्हातारे आहेत. ते स्वतःशीच बोलतात. विचारा कुणालाही!"

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने नियमाप्रमाणे कार्ड पालथे केले आणि पाठीवर एक ओळ लिहिली. मग विनी ज्यूनच्या हातातले पेन काढून घेतले. विनी ज्यूनने ते सहज दिले. ती माझ्याकडे पाहत होती. ती सहा वर्षांची असताना मी एकदा चुकून तिचे बोट कपाटाच्या दारात चिमटले होते. तेव्हाही तिने असेच पाहिले होते, रडायच्या आधी. या वेळी ती रडली नाही.

रविवारी दुपारी मैदानावर लिफाफे फुटले. किंकाळ्या माझ्या खोलीपर्यंत आल्या. मग रस्त्यावरून शेकडो मुली आपापल्या घरांकडे धावत गेल्या. मी पडदा ओढून घेतला.

डोरीन कामावर आली तेव्हा माझ्याशी नीट बोलली. "गुड मॉर्निंग" म्हणायची, "गरम होतंय" म्हणायची. त्याहून जास्त नाही. मिस ऑगस्टांकडून मात्र पेकानचा केक आला. सोबत चिठ्ठी: झाले ते झाले, घर तुमच्यावर रागावलेले नाही.

सहा दिवस मी वाट पाहिली. कशाची ते माहीत नाही. मग शनिवारी सकाळी खोक्यातले कागद घेतले आणि डोरीनच्या घरी गेलो. मौन संपले होते, आता सगळे सांगता येणार होते.

डोरीन ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होती. विनी ज्यून पायरीवर बसली होती. मला बघून उठली.

"बसा, सर," ती म्हणाली. तिने मला कधी सर म्हटले नव्हते.

मी बसलो. पाठ करून आलो होतो, तरी अडखळत सांगितले. टेबल, सहा खुर्च्या, कात्री, हिल हाउस, सगळे. डोरीनचे हात थांबले. मी कागद विनी ज्यूनपुढे धरले. तिने ते एकेक करून वाचले. ती नावे मनातल्या मनात उच्चारत होती, ओठ हलत होते.

"या सगळ्या खिडकीजवळच्या?"

"हो."

"आणि लिफाफा एकीलाही नाही?"

"एकीलाही नाही. हे बघ, लिफाफ्यांच्या याद्या इथं आहेत. तूच जुळव."

तिने जुळवल्या नाहीत. पण कागद ती कितीतरी वेळ पाहत राहिली, आणि मला वाटले, आता तिला पटले.

"मिस ऑगस्टा म्हणाल्याच होत्या," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या होत्या?"

"मंगळवारी आल्या होत्या. तुम्ही बसलाय ना, तिथंच बसल्या होत्या. म्हणाल्या, मिस्टर एल्बर्ट कागद घेऊन येतील. चांगला माणूस आहे, आपल्या हातून पोरीचं वाटोळं झालं हे त्याला सोसत नाहीये. तो काहीतरी शोधून काढील, जुळवून आणील. त्याच्यावर रागावू नकोस, म्हणाल्या."

डोरीन माझ्याकडे पाहत नव्हती. ती हातातली शेंग पाहत होती.

"विनी, हे माझ्या अक्षरात आहे. दर वर्षीचं. हे मी आता नाही लिहिलेलं."

"हो सर. तुमच्या अक्षरातच आहे." तिने कागद नीट एकावर एक लावले. "तुम्हाला एक सांगू? मी दोन्ही लिहिली होती."

मला आधी समजलेच नाही.

"दोन्ही घरं. वर मॅग्नोलिया, खाली हिल हाउस. त्यांनी माझा हात धरला होता, एक तर रडत होती माझ्यासाठी, आणि तरी मी खाली दुसरं नाव लिहिलं. घाबरून. पेन सहीच्या जागेवर नेलं. मनात म्हणत होते, देवा, हे मी बरोबर करतेय का? आणि तेवढ्यात तुम्ही आलात." ती मंद हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली. ते तिचे नव्हते, मॅग्नोलिया हाउसच्या दारात रांगेने उभ्या राहून स्वागत करणाऱ्या मुलींचे होते. "मी विचारलं आणि उत्तर मिळालं. म्हणून मी नाही रागावलेली तुमच्यावर. माझा विश्वास कमी पडला, त्याची ती शिक्षा होती."

"बाळा, असं नाही गं ते…"

"पुढच्या ऑगस्टला मला परत उभं राहता येतं, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना चालतं. मिस ऑगस्टा माझी जागा राखून ठेवणार आहेत. तेच टेबल." तिने कागद माझ्या मांडीवर ठेवले. "या वेळी मी एकच नाव लिहिणार."

मी डोरीनकडे वळलो. "डोरीन, तू तरी…"

"तिनं ठरवलंय, मिस्टर एल्बर्ट," डोरीन खाली बघत म्हणाली. "आणि तुम्ही आता आमच्यासाठी काही करू नका. हात जोडते."

शेंगा पुन्हा भांड्यात पडू लागल्या. मी उठलो. विनी ज्यून फाटकापर्यंत सोडायला आली. तिने माझ्यासाठी कडी काढली आणि फाटक धरून उभी राहिली.

"कार्ड तुम्हीच लिहाल ना, सर?" तिने विचारले. "दुसऱ्या कुणाच्या अक्षरात मला नकोय."